यादी लागल्यानंतर : महाविद्यालयाची निवड कशी करावी



मृगाच्या सरी पडूं लागल्यापासून श्रावण संपेपर्यंतच्या दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यांतील घरांपुढें दोन कामें एकाच वेळीं येऊन उभीं राहतात : एक पेरणीचें आणि दुसरें मुलांच्या प्रवेशाचें. घरांतील पैसा कपाशीच्या व सोयाबीनच्या बियाण्यांत, खतांत आणि मशागतींत गुंतलेला असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयांच्या याद्या लागतात. यादींत नांव आलें म्हणजे घरांत पेढे येतात. परंतु तो आनंद बहुधा एक रात्र टिकतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रश्न उभा राहतो, कीं आतां जावयाचें कोठें? आणि उत्तर देण्यास मुदत असते ती अवघ्या थोड्या दिवसांची.

ह्या थोड्या दिवसांत पुष्कळ घरांतून जी धांदल उडते ती आम्हीं अनेक वर्षें जवळून पाहिली आहे. बैलजोडी घेतांना जो शेतकरी दोन बाजार हिंडतो, बैलाचे दांत पाहतो, त्याला चालवून पाहतो, तोच शेतकरी मुलाच्या चार वर्षांचा निर्णय शेजाऱ्याच्या एका वाक्यावर करून मोकळा होतो. ह्यांत त्याचा दोष थोडा आहे. बैल कसा पारखावा हें त्याला त्याच्या वडिलांनीं शिकविलें. महाविद्यालय कसें पारखावें हें शिकविणारें घरांत कोणी नव्हतें. तो धडा ह्या लेखांत यथाशक्ति देण्याचा आमचा विचार आहे.

१. पूर्वींची स्थिति

आमच्या आजोबांच्या काळीं निवडीचा प्रश्नच नव्हता. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानचें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें. पण तें हैदराबादेस, आणि तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू. अंबाजोगाईस योगेश्वरी शिक्षणसंस्थेची शाळा १९१७ पासून होती व पुढें स्वामी रामानंद तीर्थ यांनीं तेथें अध्यापन केलें. परंतु शाळा संपल्यावर पुढची वाट जिल्ह्यांत नव्हती. ज्याच्या घरीं ऐपत असे तो हैदराबादेस, औरंगाबादेस किंवा पुण्यास जाई. बाकीचे घरीं राहत.

ती वाट हळूहळू जवळ आली. १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगरास महाविद्यालय स्थापिलें. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस जें महाविद्यालय काढलें तें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालें. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ झालें, आणि १९७४ सालीं अंबाजोगाईस ग्रामीण भागासाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. आज औरंगाबाद हें छत्रपती संभाजीनगर व अहमदनगर हें अहिल्यानगर झालें आहे. आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीड शहरासही आगगाडी येऊन पोहोंचली.

हा इतिहास सांगण्याचा हेतु असा, कीं आपल्या घरांतून निवडीची परंपराच नाहीं. लग्न कसें ठरवावें, जमीन कशी घ्यावी, ह्याच्या रीति पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. महाविद्यालयांतून महाविद्यालय निवडण्याची रीत मात्र आपल्या जिल्ह्यास एका पिढीहून फारशी जुनी नाहीं. जेथें रीत नसते तेथें ऐकीव गोष्टींचें राज्य चालतें. म्हणून रीत घालून घेणें हें पहिलें काम होय.

२. निवड दोनदां होते

पुष्कळ पालक समजतात कीं यादी लागल्यावर निवड करावयाची. हें अर्धेंच खरें आहे.

अमेरिकेंत विद्यार्थी अनेक महाविद्यालयांस वेगवेगळे अर्ज करितो. त्यांचीं उत्तरें त्याच्या घरीं येतात, आणि पुष्कळ महाविद्यालयांच्या बाबतींत १ मे ह्या तारखेच्या आंत त्यानें एकास होकार द्यावयाचा असतो. तेथें निवड खरोखरच उत्तरें आल्यानंतर होते. आपल्याकडील पद्धति निराळी आहे. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून केंद्रीभूत रीतीनें होतात. विद्यार्थी आधीं पसंतीक्रमाचा अर्ज भरतो. नंतर गुणवत्तेच्या क्रमानें एकेकाचा अर्ज विचारांत घेतला जातो, आणि त्यानें लिहिलेल्या पसंतींपैकीं वरून खालीं येतांना जी पहिली जागा त्याला मिळूं शकेल ती त्यास दिली जाते. म्हणजे निवडीचा मोठा भाग आपण अर्ज भरतांनाच करून बसलेले असतों. यादी ही बहुतांशीं आपल्याच लेखणीचा प्रतिध्वनि असते.

येथें एक शंका नेहमीं विचारली जाते : ‘मोठें महाविद्यालय मिळणारच नाहीं, तर तें पहिलें लिहून पसंती फुकट कां घालवावी?’ ही शंका चुकीची आहे. पहिली पसंती न मिळाल्यानें दुसऱ्या पसंतीवरील आपला हक्क कमी होत नाहीं. तिचा विचार आपल्याच गुणानुक्रमानें होतो. विद्यार्थी आणि महाविद्यालयें यांची जुळणी कशी करावी ह्यावर गेल व शॅप्ले ह्या दोन गणितज्ञांनीं १९६२ सालीं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच विषयांतील कार्याबद्दल शॅप्ले व रॉथ यांस २०१२ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विचाराचें सार आपल्या कामापुरतें इतकेंच, कीं नीट आंखलेल्या जुळणींत मनांतील खरा क्रम लिहिणाऱ्याचें नुकसान होत नाहीं. चातुर्य करण्यास गेलेला मात्र पुष्कळदां फसतो.

तो कसा फसतो तें पाहा. २०२५-२६ ह्या वर्षीं अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या चार फेऱ्या ठेविल्या होत्या. पहिल्या फेरींत पहिली पसंती मिळाली तर ती घेणें भाग होतें. दुसऱ्या फेरींत पहिल्या तीन पसंतींपैकीं एखादी मिळाली तर तीच, आणि तिसऱ्या फेरींत पहिल्या सहांपैकीं मिळाली तर तीच अखेरची समजली जात होती. ज्यानें मित्राबरोबर राहतां यावें म्हणून, किंवा ‘निदान हें तरी मिळो’ म्हणून, एखादें मध्यम महाविद्यालय वरच्या स्थानीं लिहिलें, त्याला तेंच मिळून पुढची वाट बंद झाली. अकरावीचे प्रवेशही २०२५-२६ पासून सबंध राज्यांत ऑनलाइन झाले असून तेथेंही पहिली पसंती मिळूनही न घेणारा नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. हे नियम वर्षावर्षाला बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका घरांतील दोघांनीं तरी स्वतः वाचावी. गेल्या वर्षीं शेजाऱ्याच्या मुलाला लागू झालेला नियम आपल्यालाही लागू होईल असें धरून चालूं नये.

वरच्या तीन-चार पसंती लिहितांना आम्ही विद्यार्थ्यांस एकच प्रश्न विचारतों : ‘हीच जागा मिळाली आणि दुसरी कांहीं केल्या मिळणार नाहीं असें झालें, तर तूं तेथें आनंदानें जाशील काय?’ उत्तर नाहीं असें आलें तर ती पसंती खालीं घ्यावी.

निवडीची दुसरी वेळ यादी लागल्यावर येते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषि, औषधनिर्माण यांच्या याद्या निरनिराळ्या लागतात. वैद्यकीयमध्येंही शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय वांट्यांतून भरल्या जातात व उरलेल्या राज्याकडून. राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थांची फेरी आणखी वेगळी. तेथें मिळालेली जागा कायम करणें, ती हातीं ठेवून अधिक वरच्या जागेची वाट पाहणें, किंवा त्याच संस्थेंत वरच्या शाखेची वाट पाहणें, असे तीन मार्ग असून त्यांस फ्रीझ, फ्लोट व स्लाइड म्हणतात. अशा रीतीनें एकाच विद्यार्थ्याच्या हातीं दोन निरनिराळ्या जागा येऊं शकतात. तेव्हांच कुटुंबाची खरी परीक्षा होते.

३. खर्चाचा ताळेबंद

अंथरूण पाहून पाय पसरावे हें सर्वांस पाठ आहे; पण अंथरूण मोजतो कोण? पालक बहुधा पहिल्या वर्षाची फी तेवढी पाहतात. वस्तुतः खर्चाचे पांच रकाने करावे : शिक्षणशुल्क, विकासशुल्क व इतर शुल्कें, राहणें, जेवण, आणि प्रवास-पुस्तकें. त्यांची बेरीज करून तिला अभ्यासक्रमाच्या वर्षांनीं गुणावें.

उदाहरणार्थ समजा, एका खाजगी महाविद्यालयाचें शिक्षणशुल्क वर्षास १,१०,००० रुपये, इतर शुल्क १५,०००, राहण्याजेवण्याचे दहा महिन्यांचे ८०,०००, आणि प्रवास-पुस्तकांचे १५,००० आहेत. वर्षाचे २,२०,००० व चार वर्षांचे ८,८०,००० झाले. आतां समजा ती विद्यार्थिनी शुल्कमाफीस पात्र आहे. महाराष्ट्र शासनानें जुलै २०२४ मध्यें असा निर्णय केला, कीं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत आहे, त्यांचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ व्हावें. तेव्हां १,१०,००० वजा होऊन वर्षाचे १,१०,००० व चार वर्षांचे ४,४०,००० उरले. म्हणजे ह्या उदाहरणांत योग्य दाखल्यांची किंमत ४,४०,००० रुपये ठरली! परंतु दुसरी बाजूही पाहावी. ‘फी माफ आहे’ असें ऐकून निघालेल्या बापास राहण्याजेवण्याचे पैसे कोणी माफ केलेले नाहींत. समजा दुसरें एक शासकीय महाविद्यालय वसतिगृहासह वर्षास ७०,००० रुपयांत होतें. तेथें चार वर्षांचे २,८०,००० होतात. दोहोंतील अंतर १,६०,००० रुपयांचें. एवढ्या अंतराच्या मोबदल्यांत अधिक काय मिळतें, हा खरा प्रश्न होय. कधीं पुष्कळ मिळतें. कधीं कांहींच मिळत नाहीं.

खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचें शुल्क राज्याचें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. तेथील आंकडा व महाविद्यालयाचा आंकडा ताडून पाहावा, आणि पावतीवांचून पैसा देऊं नये. अनुसूचित जाति-जमातींस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे. शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांस स्वाधार योजना आहे. इतरांस राजर्षि शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ति व डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ह्यांच्या अटी वाचून आपण कोणत्या रकान्यांत बसतों तें यादी लागण्यापूर्वींच ठरवावें.

कर्ज काढणें भाग पडलें तर तें बँकेचें शैक्षणिक कर्ज असावें. ४ लाखांपर्यंतच्या कर्जास पदरचा हिस्सा सहसा लागत नाहीं, ७.५० लाखांपर्यंत हमीयोजनेखालीं तारण न घेतां कर्ज देण्याची सोय आहे; आणि हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानें सुरू होतात. मधल्या काळांत व्याज चढत असतें हें मात्र विसरूं नये. जमीन विकणें, किंवा मुकादमाकडून पुढील हंगामाची उचल घेणें, हे उपाय शेवटचे देखील नसावे. उचलीपोटीं आईबाप दोघांचाही कोयता बांधला जातो, आणि ती एका हंगामांत फिटली नाहीं तर पुढचाही हंगाम तिच्यांत जातो.

४. कीर्ति व वस्तुस्थिति

महाविद्यालयाची जाहिरात वाचतांना थोडें अंकगणित जवळ बाळगावें. ‘आमच्या विद्यार्थ्यांस २० लाखांची नोकरी’ असें छापलेलें असतें. समजा दहा विद्यार्थ्यांपैकीं एकास वर्षास २० लाख व नऊ जणांस ३ लाख मिळाले. सरासरी निघते ४ लाख ७० हजार. पण क्रमानें उभे केलेल्या दहांतील मधल्या विद्यार्थ्यास मिळतात ३ लाख. जाहिरात पहिला आंकडा सांगेल, फार तर दुसरा सांगेल. आपण तिसरा विचारावा. आणि त्या वर्गांत एकंदर विद्यार्थी किती होते, त्यांपैकीं किती जणांस नोकरी लागली, हेंही विचारावें.

आंकड्यांहून अधिक माहिती डोळे देतात. शक्य असेल तर प्रवेशापूर्वीं एक दिवस तेथें जावें. मुख्य इमारत पाहूं नये. ती सगळीकडे चांगलीच असते. प्रयोगशाळेंतील यंत्रांवर धूळ आहे कीं हातांचे डाग आहेत तें पाहावें. ग्रंथालयांत किती मुलें बसलीं आहेत तें मोजावें. वसतिगृहांत पाणी किती वेळ येतें, रात्रीं अधीक्षक तेथेंच राहतात काय, दवाखाना किती अंतरावर आहे, हें विचारावें. आणि तिसऱ्या वर्षांतील एखाद्या विद्यार्थ्यास बाजूस घेऊन एवढेंच विचारावें, कीं ‘गेल्या आठवड्यांत किती तास झाले?’ त्याच्या उत्तरांत सर्व कांहीं येतें.

राहण्याचा प्रश्न गौण मानूं नये. आनंदीबाई जोशी ह्या १८८३ सालीं वैद्यकीचें शिक्षण घेण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हां बंगालमधील श्रीरामपूर येथें त्यांनीं जाहीर सभेंत उभें राहून आपण अमेरिकेसच कां जातों ह्याचीं कारणें सांगितलीं. तेव्हां त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. तिकडे गेल्यावर रोझेल येथील कार्पेंटरबाईंच्या घराचा त्यांस आधार मिळाला. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली; परंतु क्षयानें शरीर खंगलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. ह्या चरित्रांतून आम्ही दोन गोष्टी घेतों. परक्या गांवीं विद्येइतकाच प्रकृतीचा व आसऱ्याचा विचार करावा ही एक. आणि जी निवड आपण चारचौघांत कारणें देऊन सांगूं शकतों तीच खरी आपली निवड, ही दुसरी.

५. आमची एक चूक

उपदेश करणाऱ्यानें स्वतःची चूकही सांगावी. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. त्याला जवळचें एक महाविद्यालय मिळत होतें आणि दूरच्या मोठ्या शहरांतील एक नामांकित म्हणविलें जाणारेंही. वडील जवळचें म्हणत होते. आम्हीं त्यांना समजावून सांगितलें कीं नांवाचा उपयोग जन्मभर होतो. आमच्या शब्दाला मान देऊन त्यांनीं मुलास शहरांत पाठविलें. तो दिवाळीस घरीं आला तो परत गेला नाहीं. खोलींत सहा जण, खानावळीचें जेवण सोसत नव्हतें, वर्गांत सारें इंग्रजींतून आणि विचारण्यास कोणी ओळखीचें नाहीं. आम्हीं त्याचे गुण पाहिले होते. त्याचा स्वभाव पाहिला नव्हता. हा मुलगा एकटा कधीं चार दिवसही घराबाहेर राहिलेला नव्हता, हें त्याच्या वडिलांस ठाऊक होतें व आम्हांस नव्हतें.

पुढें दुसरीकडे जाण्यासाठीं त्याचे मूळ दाखले मागितले, तर त्या महाविद्यालयानें उरलेल्या वर्षांची फी भरल्यावांचून ते देण्याचें नाकारलें. वडील तीन खेपा करून रिकाम्या हातीं परतले, आणि त्यांतच मुलाचें वर्ष गेलें. त्या वेळीं आम्हांला नियमांची माहिती असती तर हें टळलें असतें. म्हणून ती येथें देतों. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे, कीं संस्थेनें मूळ प्रमाणपत्रें पडताळून लगेच परत करावीं. तीं ठेवून घेऊं नयेत. शुल्क परत देण्याचेही नियम आहेत. २०२४-२५ ह्या वर्षासाठीं आयोगानें ठरविलें होतें, कीं ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत द्यावें, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केल्यास १,००० रुपयांहून अधिक कापूं नये. ज्या वर्षीं प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षाच्या तारखा पाहून, रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा व त्याची पोंच घ्यावी.

दाखल्यांविषयीं आणखी एक शब्द. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेयर व जात वैधता प्रमाणपत्र हीं यादी लागल्यावर मागावयाचीं कागदपत्रें नव्हेत. त्यांना वेळ लागतो. मूल बारावींत गेलें कीं त्यांची तयारी सुरू करावी.

६. तीन कागद

शेवटीं एक प्रसंग सांगतों. दोन वर्षांपूर्वीं ऊसतोडीस जाणारे एक गृहस्थ पत्नी व कन्येसह आमच्याकडे आले. कन्येच्या हातीं दोन जागा होत्या. एक पुण्याच्या खाजगी महाविद्यालयांत संगणक शाखेची, दुसरी परभणीस कृषिपदवीची. उत्तर देण्यास दोन दिवस उरले होते. वडील म्हणाले, “गुरुजी, पुण्याचं ठरलंय. मुकादमाशी बोलणं झालंय, उचल मिळती.” कन्या खालीं पाहत होती. आम्हीं विचारलें, “बाळ, तुझं काय म्हणणं आहे?” ती म्हणाली, “बाबा म्हणतील तसं.”

मागील चूक स्मरणांत असल्यामुळें आम्हीं ह्या वेळीं सल्ला दिला नाहीं. तिघांस तीन कागद दिले आणि सांगितलें कीं आपल्या मनांतील भीति प्रत्येकानें एकमेकांस न दाखवितां लिहावी. आईस लिहितां येत नव्हतें. तिचें म्हणणें आमच्या घरांतून लिहून घेतलें. नंतर तिन्ही कागद मोठ्यानें वाचले.

वडिलांनीं लिहिलें होतें, कीं पुण्यांत मुलीस रात्रीं बरें नाहींसें झालें तर ती कोणाकडे जाईल हें समजत नाहीं. पण गांवांत सारे संगणक म्हणतात, आणि तिची इच्छा मोडली असें तिला जन्मभर वाटूं नये. कन्येनें लिहिलें होतें, कीं तिला संगणकाची फार ओढ नाहीं, वनस्पतिशास्त्र आवडतें. पण ऊस तोडणाऱ्याची मुलगी शिकून पुन्हां शेतांतच गेली असें लोक वडिलांस म्हणतील. आणि उचल घेऊं नये. आईचा कागद सर्वांत लहान होता : ‘दिवाळीला आम्ही फडावर असतो. घराला कुलूप असतं. सुटीला लेक कुठं येईल?’

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. तिघांपैकीं प्रत्येक जण दुसऱ्यासाठीं निर्णय घेत होता, आणि ज्याच्यासाठीं घेत होता त्याला विचारलेंच नव्हतें. आईचा प्रश्न तर आमच्याही पांच रकान्यांत कोठें नव्हता. आपल्या जिल्ह्यांतील हजारों घरांस ऐन दिवाळीच्या सुमारास कुलूप असतें. त्या घरांतील मुलांनीं सुटींत वसतिगृह उघडें राहतें काय, हें प्रवेशापूर्वींच विचारावें, हा धडा आम्हांस त्या बाईनें दिला.

दुसऱ्या दिवशीं वडील व कन्या परभणीस जाऊन वसतिगृह पाहून आलीं. पुण्याच्या महाविद्यालयांत दूरध्वनि केला, तर मुलींच्या वसतिगृहांत जागा शिल्लक नव्हती. परभणीस मावशीचें घर दोन तासांच्या अंतरावर होतें. दिवाळीचा प्रश्न तेथें सुटला. कन्येनें परभणीची जागा घेतली व उचल घेतली गेली नाहीं. ती आतां शिकत आहे. निवड बरोबर ठरली कीं नाहीं हें दहा वर्षांनीं कळेल. कदाचित् पुण्यास गेली असती तर तिचें अधिक चांगलें झालें असतें. परंतु निवड तिची होती, तिचीं कारणें तिघांस ठाऊक होतीं, आणि पुढें कांहीं उणें निघालें तरी एकमेकांस दोष देण्याचें कारण त्या घरांत उरलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, मनांत असलेली जागा न मिळाली म्हणून खचूं नका. पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षांत अभियांत्रिकीस जातां येतें; पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षणाची दारें पुन्हां नव्यानें उघडतात. आणि पालकहो, मूल ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणालें तर तें आज्ञाधारक आहे असें समजून लगेच सुखावूं नका. त्या शब्दांआड तें काय झांकून ठेवीत आहे तें एकदां विचारा. यादी यंत्र लावतें; निवड घरानें एकत्र बसून करावयाची असते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या पहिल्या तीन पसंती लिहा, आणि प्रत्येकीपुढें दोन कारणें लिहा. ‘मित्र जातो’ व ‘सगळे म्हणतात’ हीं कारणें धरूं नयेत.

२. दोन महाविद्यालयांचा पांच रकान्यांचा ताळेबंद अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांसाठीं मांडा, आणि तो घरीं वाचून दाखवा.

३. बारा जणांपैकीं एकास वर्षास १५ लाख, दोघांस ५ लाख व नऊ जणांस अडीच लाख मिळाले. सरासरी किती? मधल्या विद्यार्थ्यास किती? जाहिरात कोणता आंकडा छापील?

४. घरांतील प्रत्येकानें आपली भीति एका कागदावर लिहावी, व ते कागद एकत्र बसून वाचावे. ह्या प्रश्नास गुण नाहींत. परंतु हा सोडूं नये.